अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल २०२५-२६ : कॉन्फरन्सनिहाय बलाबल आणि न्यूझीलंडमधून पाहणाऱ्यांसाठी काही खुणा

पेनरोज, ऑकलंड : अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलचा नवा हंगाम ३ नोव्हेंबरला सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची दुपारची एक वाजलेली असते. त्यामुळे पेनरोजच्या गोदामांत आणि कचेऱ्यांत जेवणाचे डबे उघडण्याची वेळ आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सामने सुरू होण्याची वेळ एकच. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने चारच्या सुमारास सुरू होतात. येथील मराठी घरांतली शाळकरी मुले-मुली हे सामने पाहतात, त्यातली काही खेळतातही, आणि आई-वडिलांना मात्र ‘बिग टेन’मध्ये अठरा संघ का, असा साधा प्रश्न पडतो. त्या सर्वांसाठी हा लेख आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. न्यूझीलंडमध्ये ‘कॉलेज’ म्हणजे बहुधा माध्यमिक शाळा. पेनरोज हायस्कूल २००८ मध्ये ‘वन ट्री हिल कॉलेज’ झाले, म्हणून तेथे पदवी मिळू लागली नाही. अमेरिकी बोलीत कॉलेज म्हणजे पदवीचे शिक्षण देणारी संस्था, आणि कॉलेज बास्केटबॉल म्हणजे त्या संस्थांच्या संघांची स्पर्धा. तिचे नियमन ‘एनसीएए’ करते. आपल्या मुलांच्या शालेय परीक्षेचे नाव ‘एनसीईए’. एका अक्षराचा फरक, पण अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या मुलाला या दोन्हींना एकाच वेळी तोंड द्यावे लागते.

कॉन्फरन्स म्हणजे काय

एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य, म्हणून ती ३१ गटांत विभागलेली आहेत. या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. जुना रणजी करंडक आठवणाऱ्यांना ही रचना चटकन कळेल. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र आपसात खेळत, आणि त्यातून वर आलेले संघ इतर विभागांशी बाद फेरीत भिडत. २००२-०३ मध्ये एलिट आणि प्लेट आले आणि विभागवार साखळी संपली. अमेरिकेत ती टिकून आहे, फक्त विभागांचा भूगोल पार विस्कटला आहे.

मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात. ३१ कॉन्फरन्स विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या ३७ जागा निवड समिती भरते. खरी चुरस या ३७ जागांसाठी असते, आणि तिचा निकाल बऱ्याच अंशी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच लागतो. कारण गणिती आहे. जानेवारीपासून संघ प्रामुख्याने आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळतात. तेथे एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो, त्यामुळे कॉन्फरन्सची एकूण पत त्या काळात वरही जात नाही आणि खालीही येत नाही. ती आधीच्या दोन महिन्यांत, बाहेरच्या संघांशी झालेल्या सामन्यांवर ठरून गेलेली असते. समिती ‘नेट’ या क्रमवारीचा आधार घेते. तिच्यानुसार घरच्या मैदानावर पहिल्या ३० संघांपैकी, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० पैकी किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ पैकी एकाला हरवले, तर तो विजय अव्वल दर्जाचा ठरतो. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या संघाने मोठा विजय मिळवला, तर फेब्रुवारीत त्या शेजाऱ्याला हरवणे अधिक मोलाचे होते. म्हणूनच अमेरिकेतला चाहता एरवी ज्याच्या नावाने बोटे मोडतो, त्याच प्रतिस्पर्ध्याला या दोन महिन्यांत मनातल्या मनात शुभेच्छा देत असतो.

गेल्या हंगामात या गणिताचा पुरेपूर लाभ साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे ‘एसईसी’ने घेतला. बाहेरच्या संघांना तिने सुरुवातीलाच असे झोडपले की तिच्या १६ पैकी १४ संघांना राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले. हा विक्रम आहे. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सला, म्हणजे ‘एसीसी’ला, १८ संघ असूनही चारच जागा मिळाल्या.

यंदाचे बलाबल

हंगामपूर्व असोसिएटेड प्रेस क्रमवारीतील २५ संघांची कॉन्फरन्सनिहाय विभागणी पाहिली की सत्ता कोठे आहे ते कळते. बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसईसी यांचे प्रत्येकी सहा संघ, एसीसी आणि बिग ईस्ट यांचे प्रत्येकी तीन, आणि उरलेल्या २६ कॉन्फरन्सचा मिळून एक. तो एक म्हणजे गोंझागा.

बिग टेनमधील पर्ड्यू पहिल्या क्रमांकावर आहे. हंगामाच्या आरंभी हा मान त्या विद्यापीठाला यापूर्वी कधीच मिळाला नव्हता. ब्रेडन स्मिथ, ट्रे कॉफमन-रेन आणि फ्लेचर लॉयर हे तिघे एकाच प्रशिक्षकाच्या, मॅट पेंटरच्या, हाताखाली चौथे वर्ष खेळत आहेत. आजच्या काळात ही गोष्ट दुर्मीळ म्हणावी लागेल. त्यांच्या जोडीला ऑस्ट्रेलियाचा धिप्पाड सेंटर ऑस्कर क्लफ आला आहे. याच कॉन्फरन्समध्ये मिशिगन सातवे, यूसीएलए बारावे, इलिनॉय सतरावे, मिशिगन स्टेट बाविसावे आणि विस्कॉन्सिन चोविसावे आहे. एवढे असूनही या हंगामापूर्वी बिग टेनच्या पुरुष संघाने राष्ट्रीय विजेतेपद अखेरचे मिळवले ते २००० मध्ये, मिशिगन स्टेटच्या रूपाने. पंचवीस वर्षांचा हा दुष्काळ यंदा संपेल असे माझे मत आहे, आणि ते पर्ड्यूपेक्षा मिशिगनवर अधिक भिस्त ठेवून मांडतो. येक्सेल लेंडेबोर्ग, आदाय मारा आणि मॉरेझ जॉन्सन अशी उंच माणसांची फळी प्रशिक्षक डस्टी मे यांनी एकाच उन्हाळ्यात इतर विद्यापीठांतून गोळा केली आहे. ती एकमेकांच्या सवयीची झाली, तर तिला रोखणे अवघड जाईल.

एसईसीमध्ये विद्यमान विजेता फ्लोरिडा तिसऱ्या क्रमांकावर आहे. एप्रिलमध्ये त्याने सॅन अँटोनिओतील अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवले होते. त्या संघाचे प्रमुख गार्ड गेले, पण टॉमस हॉ, रूबेन चिन्येलू आणि पर्थचा ॲलेक्स कॉन्डन ही पुढची फळी कायम आहे. गार्डची जागा भरण्यासाठी प्रिन्स्टनहून झेव्हियन ली आणि आर्कान्सॉहून बूगी फ्लँड आले. हे कलम नीट रुजायला वेळ लागेल, याची झलक पहिल्याच रात्री लास व्हेगासमध्ये दिसली. ॲरिझोनाने फ्लोरिडाला ९३-८७ असे हरवले आणि कोआ पीट या ॲरिझोनाच्या नवख्या खेळाडूने ३० गुण केले. ऑबर्नमध्ये ब्रूस पर्ल यांनी सप्टेंबरमध्ये अचानक निवृत्ती घेतली आणि पुत्र स्टीव्हन यांच्या हाती संघ आला. घराणेशाहीची चर्चा करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न अलाहिदा.

बिग ट्वेल्व्ह माझ्या मते यंदाची सर्वांत खडतर कॉन्फरन्स. ह्यूस्टन दुसरे, ब्रिगम यंग आठवे, टेक्सस टेक दहावे, ॲरिझोना तेरावे, आयोवा स्टेट सोळावे, कॅन्सस एकोणिसावे. पुढच्या एनबीए निवडीत अगदी वरच्या क्रमांकांवर ज्यांची नावे घेतली जातात त्या तिघांपैकी दोघे येथे आहेत. ब्रिगम यंगचा ए. जे. डिबान्सा आणि कॅन्ससचा डॅरिन पीटरसन. मात्र कॅन्ससला नॉर्थ कॅरोलिनाने ८७-७४ असे नमवले आहे. ह्यूस्टनचे केल्व्हिन सॅम्पसन यांच्या संघाचा बचाव पाहणे हा खेळ शिकणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र पाठ आहे. चेंडूकडे पाहू नका, चेंडूपासून दूर असलेल्या चार बचावपटूंचे पाय पाहा.

तिसरा मोठा नवखा कॅमेरन बूझर ड्यूकमध्ये आहे. तो आणि त्याचा जुळा भाऊ केडन हे माजी एनबीए खेळाडू कार्लोस बूझर यांचे पुत्र. टेक्ससवरील ७५-६० या विजयाने ड्यूकने सुरुवात केली आहे. एसीसीने यंदा अंतर्गत सामने २० वरून १८ वर आणले आहेत. दोन सामने बाहेरच्या बलाढ्य संघांशी खेळून पत वाढवावी, हा त्यामागील हिशेब. गेल्या वर्षीच्या चार जागांची ठेच खोल लागलेली दिसते.

बिग ईस्टमध्ये २०२३ आणि २०२४ चा राष्ट्रीय विजेता कनेटिकट चौथा, तर रिक पिटिनो यांचा सेंट जॉन्स पाचवा आहे. सेंट जॉन्सला घरच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलाबामाने १०३-९६ असे हरवले. १०३ गुण देणारा पिटिनोंचा संघ ही नोव्हेंबरातली गंमत मानावी. मार्चमध्ये तसे दिसणार नाही.

न्यूझीलंडचे खेळाडू

येथील वाचकांना जवळची वाटावी अशी गोष्ट महिलांच्या स्पर्धेत घडते आहे. वायकाटोची शार्लिस लेजर-वॉकर यूसीएलएकडून खेळते. तिची आई लिएन वॉकर स्वतः ऑलिम्पिकमध्ये टॉल फर्न्सकडून खेळलेली. शार्लिस आधी वॉशिंग्टन स्टेटमध्ये होती. मार्च २०२३ मध्ये त्या सातव्या मानांकित संघाने लास व्हेगासमध्ये पॅक-१२ कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत पराभूत झालेला संघ होता यूसीएलए, आणि गुण होते ६५-६१. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू शार्लिस ठरली.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत ती कॉन्फरन्सच कोलमडली. दूरचित्रवाणीच्या पैशामागे, आणि तो पैसा मुख्यतः अमेरिकी फुटबॉलचा, बारापैकी दहा विद्यापीठे निघून गेली. यूसीएलए, यूएससी, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ चक्क अटलांटिक कोस्टमध्ये. सौराष्ट्राने पूर्व विभागात खेळून दर पंधरवड्याला गुवाहाटी गाठावी, तसा हा प्रकार आहे. मागे राहिली दोनच विद्यापीठे, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघाखालची जमीनच सरकली. जानेवारी २०२४ मध्ये शार्लिसच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, आणि पुढे तिने यूसीएलएचा मार्ग धरला. २०२४-२५ चा पूर्ण हंगाम ती मैदानाबाहेर होती. तिच्याविना यूसीएलए एनसीएए स्पर्धेत प्रथमच अंतिम चार संघांत पोहोचले आणि तेथे पुढे विजेत्या ठरलेल्या कनेटिकटकडून ८५-५१ असे पराभूत झाले. आता ती परतली आहे. लॉरेन बेट्स आणि किकी राइस यांच्या जोडीला सामन्याची गती हातात ठेवणारी अनुभवी गार्ड मिळाली आहे. हंगामपूर्व क्रमवारीत कनेटिकट आणि साउथ कॅरोलिना यांच्यापाठोपाठ यूसीएलए तिसरे आहे. या लेखातील सर्व संघांत मला सर्वाधिक उत्सुकता याच संघाची आहे.

पुरुषांत मिशिगनमध्ये ऑस्कर गुडमन, विस्कॉन्सिनमध्ये हेडन जोन्स आणि जॉर्जटाउनमध्ये सात फुटी ज्युलियस हलाइफोनुआ. विस्कॉन्सिनचे नाव येथे जुने आहे. कर्क पेनी १९९९ ते २००३ तेथे खेळला. त्याच्या पहिल्याच वर्षी, २००० मध्ये, विस्कॉन्सिन अंतिम चारांत गेले आणि मिशिगन स्टेटकडून ५३-४१ असे हरले. वर उल्लेखलेले बिग टेनचे अखेरचे विजेतेपद ते हेच. तो सामना इंडियानापोलिसमध्ये झाला होता. २००२ ची जागतिक स्पर्धाही त्याच शहरात झाली आणि टॉल ब्लॅक्स चौथे आले, तो या देशाच्या बास्केटबॉलचा सर्वोच्च क्षण. यंदाच्या पुरुषांच्या अंतिम लढतीही इंडियानापोलिसलाच आहेत.

त्याआधीची मालिका थोडक्यात अशी. शॉन मार्क्स १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात होता. तो एनबीएत खेळलेला पहिला न्यूझीलंडर आणि आज ब्रुकलिन नेट्सचा सर्वेसर्वा. रोटोरुआचा स्टीव्हन ॲडम्स २०१२-१३ चे एकच वर्ष पिट्सबर्गमध्ये काढून बाराव्या क्रमांकाने निवडला गेला. ऑकलंडचा जॅक सॉल्ट २०१९ च्या विजेत्या व्हर्जिनिया संघात होता. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या मानांकित व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकित संघाने हरवले होते, पुरुषांच्या स्पर्धेत इतिहासात प्रथमच. सॉल्ट त्या पराभवातही होता.

भारतीय नावे मोजकी. न्यू मेक्सिको स्टेटमधून गेलेला पंजाबी-कॅनेडियन सिम भुल्लर २०१५ मध्ये एनबीएत खेळला. बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून खेळली. महाराष्ट्राने भारतीय महिला संघाला पुण्याच्या शिरीन लिमये हिच्या रूपाने कर्णधार दिला, पण अमेरिकी कॉलेजचा रस्ता आपल्या मुलींनी अजून फारसा तुडवलेला नाही.

पालकांनी ध्यानात घ्यावयाचे

हा रस्ता गेल्या दोन वर्षांत अरुंद झाला आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. यंदाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याआधीच खेळाडूंना दरवर्षी विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली होती. दोन्हींचा मिळून परिणाम असा की प्रशिक्षकाला अठरा वर्षांचा परदेशी मुलगा घडवत बसण्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार खेळाडू आणणे सोयीचे वाटते. फ्लोरिडाचे गार्ड आणि मिशिगनची पुढची फळी याच बाजारातून आली. माउंट स्मार्टवर वॉरियर्सचा सामना पाहणाऱ्यांना पगारमर्यादा ठाऊक आहे. एनआरएलचे १७ क्लब, एकच तक्ता, सर्वांना समान मर्यादा. कॉलेजमध्ये मर्यादा कागदावर समान आहे, परंतु जाहिरातदारांकडून मिळणारा पैसा तिच्याबाहेर राहतो, आणि लहान कॉन्फरन्सची विद्यापीठे त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत.

त्यात परदेशी विद्यार्थ्याचा पेच वेगळा. एफ-१ व्हिसावर काम करून कमावण्यावर कडक बंधने आहेत. अमेरिकी सहकाऱ्याला मिळणारा पैसा आपल्या मुलीला घेता येईलच असे नाही. घेतला तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो. शिष्यवृत्ती हा निराळा विषय. ती पूर्वीप्रमाणेच घेता येते. विद्यापीठाशी बोलताना ‘शिष्यवृत्ती किती’ आणि ‘इतर मोबदला किती’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत, आणि दुसऱ्याचे उत्तर प्रशिक्षकाऐवजी स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडून घ्यावे. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्तींच्या जुन्या संख्येऐवजी आता १५ खेळाडूंची पथकमर्यादा आहे. पुरुष संघांत पूर्वी १३ शिष्यवृत्त्या असत आणि त्यांपलीकडे विनाशिष्यवृत्ती मुलांना मुक्त वाव असे. बाकावर बसून शिकण्याची ती जागा आता मोजकी झाली आहे.

शैक्षणिक पात्रतेसाठी १६ ठरावीक विषय-एकके लागतात आणि शाळा संपल्यानंतर प्रवेशाला मुदतही आहे. आपले शालेय वर्ष डिसेंबरात संपते, तेथील वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते. मधले आठ महिने काय खेळायचे आणि कोठे, हे आधी ठरवणे आवश्यक. गुडमनने वर्षाच्या मध्यावरच मिशिगनमध्ये दाखल होऊन हा प्रश्न सोडवला. मधल्या काळात व्यावसायिक संघाशी करार करण्यापूर्वी पात्रतेवर होणारा परिणाम लेखी विचारून घ्यावा.

मराठी पालकांना बहुधा हळूच विचारावासा वाटणारा प्रश्न आयव्ही लीगचा असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या नावाला चिकटलेले हे बिरुद मुळात क्रीडा-कॉन्फरन्सचेच आहे, आणि ती १९५४ ची. तिच्या आठही विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. मदत मिळते ती कुटुंबाच्या उत्पन्नाच्या आधारे. नव्या तडजोडीतूनही आयव्ही बाहेर राहिली आहे. खेळाचा दर्जा मात्र हलका समजू नये. प्रिन्स्टनने २०२३ मध्ये अंतिम सोळांत धडक मारली होती. आज तेथे नाव काढलेला खेळाडू पुढच्या वर्षी फ्लोरिडात दिसतो, हीच त्या कॉन्फरन्सची अडचण.

लहान कॉन्फरन्समधील दुसरे ओळखीचे नाव सेंट मेरीज. पॅटी मिल्स आणि मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा हे ऑस्ट्रेलियन तेथूनच पुढे आले. प्रशिक्षक रँडी बेनेट २००१ मध्ये तेथे आले आणि आपल्या बाजूच्या गोलार्धात मुले शोधण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. तो संघ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये गोंझागासोबत खेळतो. पण गोंझागाचे हे तेथील शेवटचे वर्ष. २०२६ मध्ये पॅक-१२ नव्याने उभी राहते आहे आणि तीत गोंझागा, सॅन दिएगो स्टेट, बॉइझी स्टेट अशी मंडळी जात आहेत. गेल्या मार्चमध्ये अंतिम सोळांतील सर्व संघ चारच कॉन्फरन्सचे होते : एसईसीचे सात, बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हचे प्रत्येकी चार, एसीसीचा एक. लहान गटातून वर येणाऱ्या संघाची स्पर्धा म्हणून ज्या मार्चची ख्याती, त्यात तसा एकही संघ नव्हता. यंदा गोंझागा किंवा सेंट मेरीज यांनी ती कोंडी फोडली नाही, तर दुसरा कोण फोडणार, हे आज तरी दिसत नाही.

पाहण्यासारखे सामने

१८ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये ड्यूक-कॅन्सस आणि केंटकी-मिशिगन स्टेट, आपल्याकडे बुधवारी, १९ तारखेला. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात लास व्हेगासमध्ये १८ संघांची ‘प्लेयर्स इरा’ स्पर्धा. मिशिगन, ह्यूस्टन, गोंझागा, अलाबामा, सेंट जॉन्स सारेच तेथे आहेत. कॉन्फरन्सची पत ठरवणारा तो आठवडा. डिसेंबरच्या आरंभी पहिली ‘नेट’ क्रमवारी येईल.

महिलांचा अंतिम सामना ५ एप्रिलला फीनिक्समध्ये. येथे तो ईस्टर मंडेच्या सुटीत येतो. पुरुषांचा ६ एप्रिलच्या रात्री, म्हणजे आपल्या मंगळवारी. त्याच शनिवार-रविवारी येथील घड्याळे एक तास मागे जातात आणि अमेरिकेतील मार्चमध्येच पुढे गेलेली असतात, त्यामुळे तोवर पूर्व किनाऱ्याशी असलेले १८ तासांचे अंतर १६ वर येते. मंगळवारचा सामना दुपारी एकच्या आसपास सुरू होईल.